ऐनवेळचा विषय

संस्थेची पहिली वही आता माझ्याकडे आहे.
कडा वाळवीने खाल्ल्यात, ठराव शाबूत आहेत.
आजोबांची फिनिश मला नखाने वाचावी लागते,
एकेका अक्षराखाली नख सरकवत.
स्वप्नं मला स्पॅनिशमध्येच पडतात.

ठराव पहिला: घरांच्या आधी साउना.
सूचक एमेली, अनुमोदक सगळेच.
डिसेंबर महिना, मिसियोनेसचं ऊन,
पायाखाली तापलेली तांबडी माती,
आणि बर्फाच्या देशातून आलेली सात बिऱ्हाडं
लाकडं फोडतायत, दगड तापवतायत,
अंग आणखी उकडून काढायला.
ओढ्यापलीकडची एउलोखिया म्हणाली म्हणे,
यांना ऊन लागलंय.
पुढे त्याच धुरकट खोपटात
माझी आत्या जन्मली,
आणि तिची नाळ कापली एउलोखियानेच.
हे वहीत नाही. हे आत्याकडून.

ठराव दुसरा: बैल एक. वार सात, घरं सात.
रविवार कुणी घ्यायचा, यावर दोन पानं भांडण.
शेवटी आउकुस्ती म्हणाला,
बैलालाही देव आहे, त्याचा रविवार त्याला द्या.
मग सहा दिवसांत सात घरं कशी बसवायची
याचा हिशेब समासात मांडलाय, चार वेळा,
आणि चारही वेळा सोडून दिलाय.

ठराव तिसरा: जमीन.
विहतोरीच्या, म्हणजे आजोबांच्या, टोपीत चिठ्ठ्या टाकल्या.
रस्त्यापासून आत एकाला लागून एक सात पट्टे,
प्रत्येकाचं एक टोक ओढ्यात, एक जंगलात,
म्हणजे पाणी सगळ्यांना आणि साप सगळ्यांना.
पावसात भिजली की दोरी आटायची,
म्हणून मोजणी फक्त कोरड्या दिवशी.
रस्त्याकडचा पट्टा हिल्याला लागला. निम्मा खडक.
ती हसली, असं लिहिलंय.

ठराव चौथा मुंग्यांचा.
एका रात्रीत कोबीची वाफे-च्या-वाफे रोपं
पानं करवतून, डोक्यावर धरून, रांगेने नेली.
त्याखाली एक ओळ आहे:
'त्यांचा सहकार आपल्यापेक्षा बरा चाललाय.'
ओळ खोडलीय, पण हलक्या हाताने.

आणि मग, अध्यक्षांच्या परवानगीने,
ऐनवेळचा विषय.
साइमीचा ओन्नी, वय वर्षं तीन. ताप.
शिवणयंत्राची पेटी रिकामी केली आहे.
न्यायचं कुठे?

दोरीला दोरी लावून सगळी माती वाटून झाली होती.
गोठ्याला जागा धरली होती, शाळेला धरली होती,
अजून नसलेल्या गिरणीलासुद्धा.
आपल्यापैकी कुणी मरेल,
हे टोपीत घालायचं राहून गेलं होतं.
आजोबांनी लिहिलंय: 'बराच वेळ कुणी बोललं नाही.'
पुढे शाईचा एक डाग, टाक तिथेच टेकून राहिल्यासारखा.

हिल्या उठली. कंदील घेतला.
रस्त्याकडची स्वतःची खुंटी उपटली
आणि सात पावलं आत जाऊन ठोकली.
शेजारचा एमेली म्हणाला,
अजून सात सर मागे, मी माझी सरकवतो.
मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या.
उजाडेपर्यंत अख्खं गाव
अंधारात खुंट्या घेऊन थोडं थोडं सरकत राहिलं,
आणि रस्त्याकडेला
एकोणपन्नास पावलं कुणाचीच नव्हती.

सूचक: हिल्या.
अनुमोदक: इथे नाव नाही,
तांबड्या मातीचा अंगठा आहे.
साइमीला लिहिता येत होतं, असं आत्या म्हणायची.

गेल्या वर्षी पोसादासहून मोजणीवाला आला,
तिपाई, उपग्रह, सगळं घेऊन.
दुपारभर उन्हात फिरला, वैतागला.
बाई, तुमच्या गावात एकही कुंपण नकाशाशी जुळत नाही,
कुणाचं सात पावलं, कुणाचं चौदा.
ही चूक कुणाची?

मी त्याला माते दिला.
म्हटलं, बसा, जरा वेळ लागेल.
वही उघडली आणि पहिल्या शब्दाखाली नख ठेवलं.